परदेशची शेतीविद्या आणि घरची भाकर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या तरुण व पालक यांच्या सभेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या दिवसांत आपण सर्वजण देवाचे उपकार आठवीत आहों. देवळास नवा रंग दिला गेला, दिव्यांची आरास झाली, आणि हें देऊळ उभारतांना ज्यांनीं डोक्यावरून विटा वाहिल्या त्यांच्यापैकीं जे हयात आहेत त्यांचा सत्कारहि झाला. हें सर्व योग्यच आहे. परंतु ‘ज्युबिली’ हा शब्द आपण ज्या पवित्र ग्रंथांतून घेतला, तेथें रंग नाहीं, आरास नाहीं, मेजवानी नाहीं. तेथें जमीन आहे. जुन्या करारांतील लेवीय नांवाच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाविषयीं आज्ञा सांगितली आहे. त्या वर्षीं जमिनीस विसांवा द्यावा, आणि दारिद्र्यामुळें ज्यास आपली वडिलोपार्जित जमीन विकावी लागली असेल, त्याच्याकडे ती परत जावी. कारण जमीन देवाची आहे. माणूस तिच्यावर कांहीं काळ राहणारा पाहुणा आहे. म्हणून ज्युबिलीच्या सभेंत मी शेतीविषयीं बोललों, तर विषयांतर केलें असें कोणीं म्हणूं नये.

माझ्या आजच्या भाषणास एक माउली निमित्त झाली. गेल्या पावसाळ्यांत रविवारच्या मिस्सानंतर ती आपल्या मुलास घेऊन मजकडे आली. मुलगा बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेला. ती म्हणाली, “फादर, ह्याला जरा समजावून सांगा. सगळ्यांचीं मुलें कॅनडाला जातात, कोणी बोटीवर जातो. हा म्हणतो, कोस्टा रिकाला जाईन आणि शेती शिकेन. शेती शिकायला कोणी परदेशीं जातो का? घरच्या वाडीनें काय घोडें मारलें?”

मुलगा खालीं मान घालून उभा होता. मीं त्यास विचारलें, “बाळा, तुझें काय म्हणणें आहे?” तो हळूच म्हणाला, “फादर, वाडी वाईट नाहीं. पण बाबांनंतर ती विकायची, असें घरांत आतांच ठरून गेलें आहे. ती विकूं नये असें मला वाटतें. पण नुसतें वाटून काय होणार? तिच्यावर पोट कसें भरेल, तें मला शिकायचें आहे.”

बंधुजनहो, त्या दिवशीं मीं उत्तर दिलें नाहीं. ‘विचार करून सांगतों’ असें म्हणून दोघांस घरीं पाठविलें. त्याचें कारण आज सर्वांसमक्ष सांगणें मी माझें कर्तव्य समजतों. वीस-बावीस वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत मी साहाय्यक धर्मगुरु असतांना असाच एक तरुण माझा सल्ला घेण्यास आला होता. तेव्हां मीं क्षणाचाहि विलंब न लावतां सांगितलें, “शेतींत आतां काय राहिलें आहे? आखाती देशांत नोकरी मिळते आहे, ती पत्कर.” त्यानें माझें ऐकिलें. तो सचोटीनें राबला, बहिणींचीं लग्नें केलीं, आईवडिलांस सुखांत ठेविलें. त्याचा मला अभिमानच आहे. परंतु मागून कांहीं वर्षांनीं तो सुटीवर आला, तेव्हां मला हाताला धरून आपल्या जुन्या जागेवर घेऊन गेला. तेथें चार मजली इमारत उभी होती. बावखल बुजविलेलें होतें. मोटारी उभ्या करावयाच्या फरसबंदीकडे बोट दाखवून तो एवढेंच म्हणाला, “फादर, इथें आमची विहीर होती.” त्यानें मला दोष दिला नाहीं. तो न दिलेला दोष मी अजून वागवीत आहें. म्हणून या खेपेस उत्तर देण्यापूर्वीं मीं वाचन केलें, जाणत्यांस विचारलें, आणि मगच आज आपणांपुढें उभा राहिलों आहें.

प्रथम त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळूं. शेती शिकावयास कोणी परदेशीं जातो का? आपल्या परसांतच पाहावें. पेरूचें झाड आपल्या दारीं आहे. त्याचें नांव एका स्पॅनिश भाषी देशाच्या नांवासारखेंच आहे. चिकू मेक्सिको व मध्य अमेरिका येथला; त्याच्या नांवाचें मूळ मेक्सिकोच्या आदिवासी भाषेंत आहे. मिरची, मका, टोमॅटो, पपई, सीताफळ, रताळें, बटाटा हीं सर्व अमेरिका खंडांतून निघून समुद्रमार्गें आपणांकडे आलीं. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती, आणि या पिकांपैकीं पुष्कळ पिकें भारताच्या किनाऱ्यावर उतरलीं तीं पोर्तुगीजांच्याच गलबतांतून. आपल्या वाडवडिलांनीं तीं ओळखीचीं नव्हतीं म्हणून टाकून दिलीं नाहींत. त्यांनीं तीं लाविलीं, तीं कोणत्या पाण्यावर वाढतात तें पाहिलें, आणि आज मिरचीशिवाय आपल्या कालवणास चव नाहीं. दूरच्या देशाकडून शेती शिकणें ही आपल्या घराण्याची जुनी रीतच आहे.

‘पण ती भाषा?’ असें कोणी म्हणेल. स्पॅनिश भाषेचा धसका घेणाऱ्या वसईकरांस मी संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण देतों. सुमारें १५५७ सालीं ते याच वसईंत जन्मले. तरुणपणीं जपानांत राहून त्यांनीं तेथील भाषा आत्मसात केली. पुढें स्पेनच्या सत्तेखालील मनिला शहरांत ते फ्रान्सिस्कन संघांत एक साधे बंधु म्हणून दाखल झाले. १५९३ सालीं त्या संघाचे संत पेद्रो बाप्तिस्ता जपानला निघाले, तेव्हां दुभाष्या म्हणून त्यांनीं कोणास बरोबर घेतलें? या आपल्या वसईच्या पुत्रास. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें ते हुतात्मा झाले आणि १८६२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. परकी माणसें आणि परकी भाषा यांत वसईच्या मुलास काय करितां येतें, हें त्यांनीं चारशें वर्षांपूर्वींच दाखविलें आहे.

आतां मी आपणांस एका अशा मराठी माणसाची गोष्ट सांगतों, कीं ज्याचें नांव आपल्यापैकीं थोड्यांनींच ऐकिलें असेल. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याचे. देशाच्या स्वातंत्र्यासाठीं तरुणपणीं ते परदेशीं गेले आणि अमेरिकेंत गदर चळवळींत पडले. परंतु त्याच अमेरिकेंत त्यांनीं ऑरेगॉन व वॉशिंग्टन या राज्यांतील महाविद्यालयांत शेतीचें शास्त्रहि पद्धतशीर अभ्यासिलें. स्वदेशाचीं दारें इंग्रज सरकारनें बंद केल्यामुळें अखेर १९२४ सालीं ते मेक्सिकोंत आले. तेथें चापिंगो गांवीं त्या देशाची राष्ट्रीय कृषिशाळा होती. वर्ध्याचा हा माणूस स्पॅनिश शिकला आणि त्या शाळेंत प्राध्यापक झाला. मका हें मेक्सिकोचें मुख्य अन्न. त्या मक्याचें वाण सुधारण्यासाठीं ते अनेक वर्षें झटले.

परंतु मला त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. कृषिशाळेंतील विद्या कृषिशाळेंतच राहते आणि ज्याच्या हातांत नांगर आहे त्यास तिचा गंधहि लागत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. म्हणून गरीब शेतकऱ्यांसाठीं त्यांनीं मुक्त कृषिशाळा काढिल्या. तेथें शेतकऱ्यानें शुल्क द्यावयाचें नाहीं, आणि प्रश्न विचारावयास लाजावयाचें नाहीं. हेच खानखोजे स्वातंत्र्यानंतर मायदेशीं परतले व १९६७ सालीं नागपुरास वारले. २०२२ सालीं चापिंगोच्या विद्यापीठांत त्यांचा पुतळा बसविण्यांत आला. त्याचें अनावरण त्या वेळचे लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनीं केलें.

मेक्सिको शहरांत शिक्षणखात्याच्या जुन्या इमारतीच्या भिंतींवर दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकाराचीं चित्रें आहेत. त्यांपैकीं एकांत एका मेजाभोंवतीं नाना वर्णांचे लोक बसले आहेत आणि मध्यभागीं बसलेला पुरुष भाकर मोडून देत आहे. तो चेहरा खानखोजे यांचा, असें मानिलें जातें. रिवेरा श्रद्धावान नव्हता. आणि १९२६ ते १९२९ या काळांत मेक्सिकोंत सरकार व कॅथॉलिक जनता यांच्यांत रक्तरंजित संघर्ष चालला होता. तरीहि त्या चित्राचें नांव काय? ‘आमची भाकर’. प्रभु येशूनें शिकविलेल्या प्रार्थनेंतील तेच शब्द! स्पॅनिश भाषेंत भाकरीस ‘पान’ म्हणतात. ज्या वसईकरांच्या वाडवडिलांनीं पानवेलीवर घरें बांधिलीं आणि मुलें शिकविलीं, त्यांच्या कानांस हा शब्द परका वाटूं नये. आपलें पान हीच आपली भाकर होती.

याच चापिंगोच्या शेजारीं घडलेली आणखी एक गोष्ट ऐका. नॉर्मन बोरलॉग नांवाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९४४ सालीं मेक्सिकोंत गव्हावर काम करूं लागले. ते वर्षांतून दोन पिकें घेत. एक उत्तरेकडील सोनोरा प्रांताच्या उष्ण मैदानांत, दुसरें मध्य मेक्सिकोच्या थंड पठारावर. त्यामुळें दहा वर्षांचें काम पांच वर्षांत उरकलें, आणि निरनिराळ्या हवामानांत टिकणारें बुटकें वाण तयार झालें. त्यांच्याकडे देशोदेशींचे तरुण शिकावयास येत. त्या तरुणांस ते आधीं शेतांत उतरवीत. कपड्यांस माती लागू नये असें ज्यास वाटे, त्याचें तेथें जमत नसे. १९६६ सालीं भारतानें मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचें बियाणें आणिलें. १९६५ सालीं आपल्या देशांत गहूं सुमारें १.२ कोटि टन पिकला होता. १९७० सालीं तो सुमारें २ कोटि टनांवर गेला. त्याच वर्षीं बोरलॉग यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु यांतील खरा धडा पुढेंच आहे. मेक्सिकोचा तो गहूं रंगानें तांबूस होता. त्याच्या पोळ्या आपल्या लोकांस आवडेनात. तेव्हां आपल्या शास्त्रज्ञांनीं मेक्सिकोहून आलेल्या वाणांतूनच पिवळसर दाण्याचे ‘कल्याण सोना’ व ‘सोनालिका’ हे वाण निवडले, आणि मगच ती विद्या आपल्या ताटांत आली. पुढें असेंहि दिसून आलें कीं, ज्या पंजाबांत हें पीक अमाप झालें, तेथें जमिनीखालील पाणी खोल खोल गेलें. तात्पर्य, परदेशची विद्या जशीच्या तशी पेरावयाची नसते. ती घरच्या जात्यांत पुन्हां दळावी लागते, आणि तिची किंमत काय पडते याचा हिशेबहि ठेवावा लागतो. अर्जेंटिनांत, स्पॅनिश भाषेंत वाढलेले दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत हाच हिशेब सर्व जगापुढें मांडिला.

आतां त्या मुलाच्या कोस्टा रिकाकडे येतों. मध्य अमेरिकेंत शेतीच्या दोन शाळा विशेष नांवाजलेल्या आहेत. होंडुरास देशांतील सामोरानो ही जुनी. १९४२ सालीं सॅम्युअल झेमरी या केळीच्या बड्या व्यापाऱ्यानें ती स्थापिली व विल्सन पोपेनो हे वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे पहिले संचालक झाले. ‘करीत करीत शिकणें’ हें तिचें ब्रीद. विद्यार्थ्यानें दिवसाचा कांहीं भाग वर्गांत बसावें आणि उरलेला भाग शेतांत, गोठ्यांत राबावें, अशी तेथील रीत. दुसरी शाळा कोस्टा रिकांतील ग्वासिमो येथील. तिच्या स्पॅनिश नांवाच्या आद्याक्षरांचा मिळून इंग्रजींत ‘पृथ्वी’ या अर्थाचा शब्द होतो, म्हणून तिला ‘अर्थ’ विद्यापीठ म्हणतात. १९८६ सालच्या कायद्यानें तिची स्थापना झाली व १९९० सालीं पहिले विद्यार्थी आले. अभ्यासक्रम चार वर्षांचा. लॅटिन अमेरिका, आफ्रिका व इतर देशांतील मुलेंमुली तेथें शिकतात, आणि गरजूंस शिष्यवृत्त्याहि मिळतात. विद्यार्थी चार-पांच जणांचा गट करून, विद्यापीठाकडून कर्ज घेऊन एक लहानसा धंदा काढतात, तो चालवितात, कर्ज फेडतात आणि उरलेला नफा वांटून घेतात. अर्थात् पीक काढणें आणि पीक विकणें या दोन्ही गोष्टी एकदमच शिकाव्या लागतात. ‘वाडीवर पोट कसें भरेल’ हा त्या मुलाचा प्रश्न तेथें रोजचा अभ्यास आहे.

त्या देशांत केळी हें मोठें पीक आहे, म्हणून आपणांस तेथून एक इशाराहि घेतां येईल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें मैलोगणती ‘ग्रो मिशेल’ नांवाची एकच जात लाविलेली होती. मातींतील एका बुरशीनें मर रोग पसरला आणि मळेच्या मळे ओस पडले. कंपन्या जमीन सोडून नव्या जमिनीवर जात, आणि रोग मागोमाग येई. अखेर १९६० च्या सुमारास ती जात व्यापारांतून नाहींशी झाली व तिच्या जागीं कॅव्हेंडिश आली. आतां कॅव्हेंडिशलाहि त्याच रोगाच्या नव्या प्रकारानें गांठलें आहे. ज्या वसईंत राजेळीचीं सुकेळीं होतात, भाजीच्या केळीचें लोंगर निराळें आणि खावयाच्या केळीचें निराळें, त्या वसईच्या लहानशा वाडींतील शहाणपण अशा वेळीं ध्यानांत येतें. आपला मुलगा तेथें केवळ घ्यावयास जाणार नाहीं. द्यावयासारखेंहि कांहीं त्याच्या गांठीं आहे.

तर मग माझें उत्तर काय? माझें उत्तर ‘जावें’ असें आहे. परंतु चार अटींवर. पहिली अट हातांची. जाण्यापूर्वीं एक वर्ष त्यानें बापाबरोबर वाडींत राबावें. ज्यास आपल्या मातीचा स्वभाव ठाऊक नाहीं, त्यास दुसऱ्याची माती कांहीं सांगत नाहीं. दुसरी अट भाषेची. शिकविणें स्पॅनिशमध्यें होतें, म्हणून येथूनच तिचा पाया घालावा; विमानांत बसल्यावर भाषा येत नाहीं. तिसरी अट पैशाची व पदवीची. वाडी वांचविण्याची विद्या शिकण्यासाठीं वाडीच विकूं नये. तो उफराटा व्यवहार होईल. शिष्यवृत्तीसाठीं अर्ज करावा, ती न मिळाल्यास थांबावें. आणि तेथील पदवी आपल्या देशांत कोणत्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल, हें आधींच लेखी विचारून घ्यावें. दलालाच्या तोंडी वचनावर विसंबूं नये.

चौथी अट सर्वांत कठीण आहे, आणि ती मुलासाठीं नाहीं. ती आपणांसाठीं आहे. तो परत येईल तेव्हां त्यास पाय ठेवावयास जमीन उरली पाहिजे. खानखोजे यांस मायदेशाचीं दारें परक्या सरकारनें बंद केलीं होतीं. आपल्या मुलास तीं आपणच बंद करणार काय? मुलगा चार वर्षें शिकून येईल आणि आपण त्यास म्हणूं, “इथें आमची विहीर होती,” तर त्याच्या विद्येचें त्यानें काय करावें?

हें सर्व मीं त्या कुटुंबास मागल्या महिन्यांत त्यांच्या घरीं जाऊन सांगितलें. माउली रडली. मुलाचा बाप बराच वेळ बोलला नाहीं. मग उठून वाडींत गेला, पाण्याचा पाट वळवून आला, आणि हात पुशीत म्हणाला, “फादर, पुढचें मला कळत नाहीं. पण तो येईपर्यंत वाडी राहील.” बंधुजनहो, पन्नास वर्षांच्या या उत्सवांत मीं पुष्कळ भाषणें ऐकिलीं, ज्युबिलीचा अर्थ एवढ्या थोडक्या शब्दांत दुसऱ्या कोणीं सांगितला नाहीं.

म्हणून माझी या सभेस दोन मागण्या आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निधींतून कांहीं भाग दरवर्षीं शेती शिकणाऱ्या एका मुलाच्या किंवा मुलीच्या प्रवासखर्चासाठीं बाजूस ठेवावा. आणि ज्यांच्याकडे अजून वाडी आहे, त्यांनीं ती विकण्यापूर्वीं घरांतील लहानांत लहान मुलासहि एकदां विचारावें.

१२ मार्च १६२२ रोजीं रोम येथें पांच जणांस एकाच वेळीं संतपद देण्यांत आलें. त्यांत पृथ्वी पालथी घालणारे आपले संत फ्रान्सिस झेवियर होते, आणि माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर नांगर धरणारा इसिद्रो नांवाचा एक मजूरहि होता. एक समुद्रापलीकडे गेला. दुसऱ्यानें शेताचा बांध सोडला नाहीं. ख्रिस्तसभेनें दोघांस एकाच पंक्तीस बसविलें. आपल्या मुलांमध्यें या दोघांचा योग व्हावा, झेवियरांचे पाय आणि इसिद्रोचे हात एकाच देहांत यावे, अशी मी देवापाशीं प्रार्थना करितों आणि आपली रजा घेतों. परमेश्वर आपल्या घरांवर व आपल्या वाड्यांवर कृपा करो.